एकवचनी कथन, अनेकवचनी नाद : वाद्यवृंद-संचालकाच्या चरित्राचा तौलनिक विचार

१

कलावंतांच्या चरित्रवाङ्‌मयात वाद्यवृंद-संचालकाचे चरित्र हा एक अवघड प्रकार आहे. गायकाचे चरित्र त्याच्या स्वराभोवती गुंफता येते, वादकाचे त्याच्या हाताभोवती, रचनाकाराचे त्याच्या कृतींभोवती. संचालक मात्र, संचालक म्हणून उभा असताना, स्वतः कोणताही नाद निर्माण करीत नाही. त्याच्या हातात असते ती एक छडी. त्याच्या नावावर जमा होणारा प्रत्येक स्वर दुसऱ्या कोणीतरी वाजवलेला असतो. तरीही चरित्र लिहिले जाते ते त्याचे, वाजवणाऱ्यांचे नाही. नाद अनेकवचनी आणि कथन एकवचनी, अशी ही विसंगती आहे. ती केवळ व्याकरणाची नाही. कोणाचे आयुष्य सांगण्याजोगे मानले जाते आणि कोणाचे त्या आयुष्याची सामग्री म्हणून वापरले जाते, हा प्रश्न तिच्या मुळाशी आहे.

युरोपीय विचारात या प्रश्नाची एक बाजू चर्चिली गेली आहे. एलियास कानेट्टी यांनी १९६०च्या आपल्या ग्रंथात जमाव आणि सत्ता यांचा विचार करताना वाद्यवृंद-संचालकाकडे सत्तेची सर्वांत स्पष्ट मूर्ती म्हणून पाहिले. सगळे बसलेले असताना तो एकटा उभा असतो, त्याच्या खुणेने आवाज जन्मतो आणि त्याच्याच खुणेने मरतो. थिओडोर अडोर्नो यांनीही १९६२च्या संगीतसमाजशास्त्रावरील पुस्तकात संचालक आणि वादक यांच्या नात्याला स्वतंत्र प्रकरण दिले. या दोन्ही विवेचनांनी गृहीत धरलेला वाद्यवृंद हा वेतन घेणाऱ्या, प्रशिक्षित, प्रौढ वादकांचा आहे. ज्या संस्कृतीत असा वाद्यवृंद आयता नव्हता, तेथे संचालकाच्या सत्तेचे आणि त्याच्या चरित्राचे रूप काय झाले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी उस्ताद अल्लाउद्दीन खाँ आणि झुबिन मेहता या दोन संचालकांची आयुष्ये, आणि ती ज्या रीतीने सांगितली गेली ती रीत, येथे एकमेकांशेजारी ठेवली आहेत.

२

या तुलनेला एक भौगोलिक आधार आहे, आणि तो जबलपूरचा आहे. अलाहाबादकडून येणारी ईस्ट इंडियन रेल्वेची शाखा १८६७ मध्ये जबलपुरास पोहोचली. १८७० मध्ये मुंबईकडून येणारा ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग तिला येथेच येऊन मिळाला आणि कलकत्ता व मुंबई ही वसाहतकालीन दोन महानगरे लोहमार्गाने जोडली गेली. यांतील कलकत्त्याच्या बाजूला, कटनी ओलांडल्यावर, जबलपूरपासून सुमारे १६० किलोमीटरवर मैहर हे पूर्वीच्या छोट्या संस्थानाचे गाव लागते. कलकत्त्यात पाश्चात्त्य व्हायोलिन शिकलेला एक बंगाली मुसलमान वादक तेथे स्थिरावला. त्याच मार्गाच्या दुसऱ्या टोकाला, मुंबईत, एका पारशी व्हायोलिनवादकाने पाश्चात्त्य धर्तीचा वाद्यवृंद उभारला आणि त्याच्या मुलाने त्या छडीच्या बळावर जगातील मोठी व्यासपीठे गाठली. ही दोन सांगीतिक वळणे ज्या मार्गाच्या दोन अंगांवर घडली, त्यांचा सांधा जबलपूर आहे.

जबलपूर परिसराने आणखी एक गोष्ट पुरवली, ती म्हणजे शब्द. लष्करी छावणीच्या आणि १९०४ पासून तोफगाड्यांच्या कारखान्याच्या या शहरात 'बँड' या शब्दाचा पहिला अर्थ पलटणीचा बँड आणि दुसरा वरातीचा. मैहरच्या वाद्यवृंदाला लोकांनी 'मैहर बँड' म्हटले ते याच शब्दव्यवहारातून. 'वाद्यवृंद' हे नाव त्याला जोडले गेले तरी जनमानसात 'बँड'च टिकला. मराठीत तर या संकल्पनेची शब्दांमध्ये आणखी वेगळी विभागणी झाली. 'ऑर्केस्ट्रा' म्हटल्यावर मराठी माणसापुढे चित्रपटगीतांचा रंगमंचीय कार्यक्रम उभा राहतो आणि त्यात लक्षात राहतो तो गायक किंवा निवेदक. 'बँडमास्टर' वरातीपुढे चालतो. 'संगीत-संयोजक' चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणात काम करतो. 'वाद्यवृंद-संचालक' हा शब्द कोशात आणि आकाशवाणीच्या परिभाषेत आहे, पण त्या शब्दामागे मराठी वाचकाच्या अनुभवातील माणूस नाही.

ही पोकळी भाषिक आहे तशीच ऐतिहासिकही आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात वाद्यसमूहासाठी 'कुतप' ही संज्ञा येते. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात रचलेल्या 'संगीतरत्नाकरा'त वृंदाचे उत्तम, मध्यम, कनिष्ठ असे प्रकार केले आहेत आणि मुख्य गायक व समगायक असा भेदही केला आहे. पण त्यातला मुख्य हा स्वतः गाणारा आहे. समूहाचे नेतृत्व करणारा माणूस स्वतः मूक असेल, ही कल्पना या परंपरेला परकी आहे. पुढे मराठी संगीत नाटकानेही गायक-नटालाच केंद्रस्थानी ठेवले. अहमदजान थिरकवाँसारखा थोर तबलावादक गंधर्व नाटक मंडळीत होता, तो साथीला होता. साथीची ही व्यवस्था इतकी परिपूर्ण होती की वाद्यमेळाला वेगळ्या संचालकाची गरजच भासू नये. कलकत्त्याच्या रंगभूमीवर मात्र नाटकाच्या आरंभी आणि मध्यंतरी वाजणाऱ्या वाद्यमेळाला स्वतःचे स्थान होते. अल्लाउद्दीन खाँ घडले ते तेथे.

३

अल्लाउद्दीन खाँ यांचा जन्म आजच्या बांगलादेशातील ब्राह्मणबाडिया भागातल्या शिवपूर गावचा. त्यांचे जन्मवर्ष १८६२ आणि १८८१ असे दोन प्रकारे दिले जाते. मृत्यूची तारीख मात्र निश्चित आहे : ६ सप्टेंबर १९७२, मैहर. बालपणीच संगीताच्या ओढीने ते घरातून पळाले. कलकत्त्यात त्यांनी नुलो गोपाल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गुरूंकडे गायनाची तालीम घेतली. गुरूंच्या निधनानंतर ते वाद्यांकडे वळले आणि स्वामी विवेकानंदांचे नातलग हाबू दत्त यांच्या वाद्यमेळात आले. लोबो नावाच्या गोमंतकीय बँडमास्तरकडून ते व्हायोलिन शिकले. अहमद अली खाँ यांच्याकडे सरोद आणि शेवटी रामपूरला वझीर खाँ यांच्याकडे सेनिया परंपरेची विद्या असा त्यांचा पुढचा प्रवास आहे. १९१८च्या सुमारास महाराजा ब्रिजनाथसिंह यांच्या आश्रयाने ते मैहरला आले.

हे आयुष्य त्यांनी स्वतः सांगितले आहे. १९५२ मध्ये शांतिनिकेतनात वास्तव्य असताना त्यांनी बंगालीत केलेले कथन शुभमय घोष यांनी लिहून घेतले. ते 'आमार कथा' या नावाने प्रसिद्ध आहे. तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने या संहितेचे मोल तिच्या बोली घडणीत आहे. सांगणारा एक आणि लिहिणारा दुसरा अशी तिची रचना आहे. बंगालच्या खेड्यातून आलेल्या, औपचारिक शिक्षण नसलेल्या वृद्धाचा स्वर तिच्यात आहे. या कथनाचा साचा मराठी वाचकाला परका वाटणार नाही. गृहत्याग, उपासमार, गुरूकडून नाकारले जाणे, कठोर परीक्षा आणि अखेर कृपा हा क्रम महीपतीच्या 'भक्तविजया'पासून मराठी संतचरित्रांनी रुळवलेला आहे. वझीर खाँ यांचे शिष्यत्व मिळावे म्हणून रामपूरच्या नबाबाच्या गाडीपुढे त्यांनी स्वतःला झोकून दिले, ही त्यांच्याविषयीची सर्वांत प्रसिद्ध आख्यायिकाही याच साच्यात बसते. तीत शिष्य आपला देह पणाला लावतो, तेव्हा कोठे दार उघडते.

या साच्याचे एक वैशिष्ट्य असे की त्यातील नामोच्चाराची दिशा वरची असते. हिंदुस्थानी संगीतात गुरूचे नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावण्याची रीत आहे. ही रीत कथनाचेही व्याकरण ठरवते. ज्यांच्याकडून घेतले त्यांची नावे आदराने, तपशिलाने येतात. ज्यांना दिले त्यांच्यापैकी जे पुढे स्वतः थोर झाले त्यांची नावे चरित्रकार आणि शिष्य भरून काढतात. अली अकबर खाँ, अन्नपूर्णा देवी, रविशंकर, पन्नालाल घोष, निखिल बॅनर्जी ही नावे कोणत्याही छोट्या चरित्रात सापडतात. मैहर बँडमध्ये आयुष्यभर वाजवलेल्या मुलांची नावे अशा यादीत सहसा नसतात.

ही मुले कोण होती, हे आठवले म्हणजे या अनुपस्थितीचे वजन कळते. १९१८च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत देशभर लक्षावधी माणसे मेली. मैहर परिसरात आईबाप गमावलेली मुले गोळा करून अल्लाउद्दीन खाँ यांनी त्यांना वाद्ये शिकवली आणि त्यांचा वाद्यवृंद उभा केला. सतार, इसराज, व्हायोलिन, हार्मोनियम, तबला अशी देशी-परदेशी वाद्ये त्यात एकत्र आली. बंदुकीच्या नळ्या कापून त्यांनी 'नलतरंग' नावाचे नवे वाद्य केले. तोफगाड्यांच्या कारखान्याच्या मुलखात बंदुकीच्या नळीतून स्वर निघावा, हा योगायोग बोलका आहे. या बँडचे संगीत रागाधारित होते आणि तालीम तोंडी होती. मुद्रित स्वरपत्रे समोर ठेवून वाजवणे येथे नव्हते. एकच सुरावट अनेक वाद्यांच्या रंगांतून मांडणे ही त्याची पद्धत होती. पाश्चात्त्य वाद्यवृंदातील स्वरसंवादाची उभी रचना येथे अपेक्षित नाही. म्हणजे लोबोकडून त्यांनी व्हायोलिन घेतले, वाद्यमेळाची शिस्त घेतली, पण तिचे सांगीतिक व्याकरण रागाचे ठेवले. भाषांतराभ्यासाच्या परिभाषेत बोलायचे तर हे रूपांतर आहे. त्यात मूळ संहितेची मांडणी लक्ष्यभाषेच्या स्वभावापुढे नमते.

४

झुबिन मेहता यांचे आयुष्य वेगळ्या साच्यात सांगितले जाते. त्यांचे वडील मेहली मेहता (१९०८–२००२) हे बव्हंशी स्वप्रयत्नाने व्हायोलिन शिकले आणि १९३५ मध्ये त्यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्राची स्थापना केली. ज्या वर्षी हा वाद्यवृंद उभा राहिला त्याच वर्षी अल्लाउद्दीन खाँ उदयशंकर यांच्या नृत्यसंघाबरोबर युरोपच्या दौऱ्यावर निघाले होते. एक माणूस मैहरचे संगीत युरोपात नेत होता, दुसरा युरोपचे संगीत मुंबईत रुजवत होता. झुबिन यांचा जन्म २९ एप्रिल १९३६ चा. वैद्यकीय शिक्षणाची वाट सोडून १९५४ मध्ये ते व्हिएन्नाला गेले आणि हान्स स्वारोव्स्की यांच्याकडे संचालन शिकले. १९५८ मध्ये लिव्हरपूलची आंतरराष्ट्रीय स्पर्धा त्यांनी जिंकली. पुढे माँट्रियल (१९६१–६७), लॉस एंजेलिस (१९६२–७८), न्यू यॉर्क (१९७८–९१), म्युनिकचे बव्हेरियन स्टेट ऑपेरा (१९९८–२००६) आणि इस्राएल फिलहार्मोनिक असा त्यांच्या पदांचा आलेख आहे.

'आलेख' हा शब्द येथे हेतुतः वापरला आहे. त्यांचे आत्मकथन २००६ मध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध झाले, रेनाटे फॉन माटुश्का यांच्या साहाय्याने. १९५२च्या शांतिनिकेतनातील कथनाप्रमाणे येथेही सांगणारा एक आणि शब्दांकन करणारा दुसरा आहे. संचालक स्वतः वाजवीत नाही, तसा तो स्वतः लिहीतही नाही, हे साम्य केवळ गमतीचे नाही. दुसऱ्याच्या माध्यमातून स्वतःला व्यक्त करणे हा या व्यवसायाचा स्वभाव आहे आणि तो आत्मकथनातही उतरतो. त्या पुस्तकाचे शीर्षक आयुष्याला 'पार्टिटुर' म्हणजे संपूर्ण वाद्यवृंदाची स्वरसंहिता म्हणते. या रूपकात एक दावा दडलेला आहे. पार्टिटुरीत प्रत्येक वाद्याची ओळ वेगळी लिहिलेली असते. प्रत्येक वादकापुढे फक्त त्याची ओळ असते, सर्व ओळी एकत्र दिसतात त्या केवळ संचालकाला. आयुष्याला पार्टिटुर म्हणणे म्हणजे आपल्या आयुष्यातील सर्वांच्या ओळी आपण एकत्र पाहू शकतो असे म्हणणे. 'आमार कथा', म्हणजे 'माझी गोष्ट', हे शीर्षक त्या मानाने विनम्र आहे. ते स्वतःची एकच ओळ सांगते.

मेहतांच्या कथनाचा साचा वारशाचा आणि कारकिर्दीचा आहे. वडिलांनी पेरले, मुलाने जगभर नेले. त्यात गुरूसाठी गाडीपुढे झोकून देणे नाही. प्रवेशपरीक्षा, स्पर्धा, नेमणूक, करार हे त्याचे टप्पे आहेत. संतचरित्राचा काळ अनिश्चित असतो, म्हणून जन्मवर्षात १९ वर्षांचा फरक असूनही अल्लाउद्दीन खाँ यांची कथा ढळत नाही. कारकिर्दीच्या चरित्राला मात्र वर्षांशिवाय उभे राहता येत नाही.

५

या दोन आयुष्यांत एक खोल साम्य आहे, ते त्यांच्या वाद्यवृंदांच्या जन्मकथेत. मेहतांचे सर्वांत दीर्घ नाते ज्या वाद्यवृंदाशी राहिले तो इस्राएल फिलहार्मोनिक १९३६ मध्ये, म्हणजे मेहतांच्याच जन्मवर्षी, ब्रॉनिस्लाव हुबरमान यांनी युरोपातून हुसकावल्या गेलेल्या ज्यू वादकांना एकत्र आणून पॅलेस्टाइन ऑर्केस्ट्रा या नावाने उभारला. त्याचा पहिला कार्यक्रम आर्तुरो टोस्कानिनी यांनी संचालित केला. मेहता १९६१ मध्ये त्याच्यापुढे प्रथम उभे राहिले, १९७७ मध्ये संगीत-दिग्दर्शक झाले, १९८१ मध्ये ते पद त्यांना तहहयात देण्यात आले आणि २०१९ मध्ये ते निवृत्त झाले. म्हणजे दोन्ही वाद्यवृंद आपत्तीतून जन्मले. मैहरचा साथीतून, तेल अवीवचा वंशद्वेषातून. दोन्ही ठिकाणी वाद्यवृंद हा आधी आसरा होता, मग कलासंस्था झाला.

पण साम्य येथे संपते आणि खरा प्रश्न सुरू होतो. हुबरमान यांनी आणलेले वादक प्रशिक्षित होते, प्रौढ होते. त्यांचा वाद्यवृंद ही सहकारी तत्त्वावर चालणारी संस्था आहे. संचालक कोण असावा हे ठरवण्यात वादकांचा वाटा असतो. तेथे तहहयात पद हे संचालकाने घेतलेले नसून वाद्यवृंदाने दिलेले आहे. कानेट्टी यांना दिसलेली निरंकुश सत्ता छडी खाली ठेवताच तेथे मतदारांपुढे उभी राहते. मैहरमध्ये क्रम उलटा आहे. तेथे वाद्यवृंदाने संचालक निवडला नाही, संचालकाने वाद्यवृंद घडवला. वादकांच्या हातात वाद्य दिले तेही त्याने आणि पोटात अन्न गेले तेही त्याच्यामुळे. या मुलांनी त्यांना 'बाबा' म्हटले. अल्लाउद्दीन खाँ यांच्या कठोर शिस्तीच्या आणि संतापाच्या आठवणी रविशंकर यांनी १९६८च्या आपल्या पुस्तकात लिहिल्या आहेत. रविशंकर १९३८ मध्ये मैहरला गेले ते स्वेच्छेने, आणि परत येण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता. अनाथ मुलाला तो मोकळा नव्हता. मराठीत शाळामास्तरच्या हातातील वेताला आणि संचालकाच्या हातातील काठीला एकच शब्द आहे, छडी. मैहरमध्ये या दोन छड्या एकाच हातात होत्या.

म्हणून 'अनाथांचा बाबा' ही प्रतिमा समीक्षेने जशीच्या तशी स्वीकारू नये आणि केवळ सत्तेचे सोंग म्हणून फेटाळूही नये. ती स्वीकारली की मुलांचे आयुष्य बाबांच्या करुणेचा पुरावा म्हणून तेवढे उरते. ती फेटाळली की साथीच्या वर्षी कोणीतरी या मुलांना खाऊ घातले आणि त्यांना हयातभर पुरेल असे कसब दिले, ही गोष्ट नाहीशी होते. दोन्ही वाचनांत मुले मुकीच राहतात. कानेट्टींची मांडणी मैहरला अपुरी पडते ती येथे. त्यांच्या विवेचनात सत्ता आणि आज्ञापालन आहे, पालनपोषण नाही. भारतीय भक्तिभावी चरित्रकथनात पालनपोषण आहे, पण त्यातील सत्तेला नाव नाही. या दोन्हींच्या मधल्या जागेत मैहर बँडचे वाचन व्हायला हवे.

याच जागेत आणखी एक मूक माणूस आहे. लोबो या बँडमास्तरचे आडनाव अल्लाउद्दीन खाँ यांच्या सर्व चरित्रांत येते आणि तेथेच थांबते. गोव्याच्या चर्चशी जोडलेल्या शाळांमध्ये स्वरलिपी शिकून बाहेर पडलेले असे वादक कलकत्ता, मुंबई, छावण्या, संस्थाने आणि पुढे हिंदी चित्रपटांचे ध्वनिमुद्रण या सर्व ठिकाणी पोहोचले. पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे भारतीय भाषांतर करणारे ते खरे दुभाषे होत. भाषांतरकाराचे नाव मुखपृष्ठावर नसते, या जुन्या तक्रारीचे हे सांगीतिक रूप आहे.

६

१९८१ मध्ये न्यू यॉर्क फिलहार्मोनिकने रविशंकर यांची 'रागमाला' ही सतार आणि वाद्यवृंदासाठीची दुसरी कॉन्चेर्टो प्रथम सादर केली. सतारीवर स्वतः रविशंकर होते आणि संचालक झुबिन मेहता. मैहरची तालीम आणि मुंबईहून निघालेली छडी अशी एका मंचावर आली. संगीताच्या इतिहासात या घटनेची नोंद पूर्व-पश्चिम मीलन म्हणून होते. चरित्राच्या दृष्टीने तिचा अर्थ अधिक नेमका आहे. मैहरहून त्या मंचावर जे पोहोचले ते घराणे होते. बँड पोहोचला नव्हता. घराण्यात नाव चालते, बँडमध्ये फक्त आवाज.

तरीही बँड नाहीसा झाला नाही, ही या कथेतील सर्वांत महत्त्वाची वस्तुस्थिती आहे. १९५२ मध्ये आकाशवाणीने दिल्लीत वाद्यवृंद स्थापला तेव्हा रविशंकर त्याचे संचालक झाले, पुढे पन्नालाल घोष यांनीही ती जबाबदारी सांभाळली. म्हणजे मैहरची कल्पना राष्ट्रीय संस्थेच्या रूपाने दिल्लीत गेली. मैहरमधला मूळ वाद्यवृंदही अल्लाउद्दीन खाँ यांच्यानंतर, पिढ्या बदलत, वाजत राहिला. त्याच्या रचना कागदावरून नव्हे तर एका वादकाच्या स्मरणातून दुसऱ्याच्या हातात जात राहिल्या. हे स्मरण हीच त्या अनाथ मुलांनी मागे ठेवलेली संहिता आहे. तिच्यावर लेखकाचे नाव नाही, पण ती त्यांनीच जपली आहे.

संचालकाचे चरित्र कसे वाचावे, याचे उत्तर या वस्तुस्थितीत आहे. गायकाच्या मृत्यूबरोबर त्याचा आवाज थांबतो. संचालक गेल्यावर मात्र दुसऱ्या दिवशी वाद्यवृंद वाजतो, किंवा वाजत नाही; त्याच्या कार्याची कसोटी तेथे लागते. मेहतांच्या नंतरही इस्राएल फिलहार्मोनिक वाजत आहे, कारण ती संस्था त्यांच्या आधीपासून वादकांची होती. मैहर बँड वाजत राहिला, कारण ज्यांच्यापाशी काहीच नव्हते त्यांनी तो आपला करून घेतला. 'आमार कथा' संपते तेथून या दुसऱ्या कथेचा आरंभ होतो. ती लिहिली गेलेली नाही, ती वाजवली गेली आहे. तौलनिक साहित्याभ्यासाने आपल्या संहितांच्या कक्षेत तिला स्थान दिले, तर एकवचनी कथनाला त्याचे हरवलेले अनेकवचन काही अंशी परत मिळेल.